आप्पांची फाईल गोदरेजच्या कपाटात होती

गेले चार महिने हे लिहू की नको असं चाललं होतं. घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं दादाचं म्हणणं. पण परवा आपल्याच भागातल्या आणखी एका घरात अगदी तेच झालं, आणि स्मशानातून परत येताना त्या घरची सून मला म्हणाली, "ताई, बाबांनी लिहून ठेवलं होतं हो, कुणी बघितलंच नाही." म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा नाहीतर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून "ताई इच्छामरणाचा प्रचार करतात" अशी कमेंट टाकू नका. इच्छामरण वेगळं. त्यावर खाली येतेच.

आमचे आप्पा हायस्कूलला गणित शिकवायचे. इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. शेवटची सात-आठ वर्षं त्यांना सीओपीडी होता, म्हणजे फुप्फुसं निकामी होत चालली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन. आई गेली तेव्हा तिचे शेवटचे दिवस आयसीयूत गेले होते, ते त्यांनी काचेतून बघितलं होतं. त्यानंतर ते एकच वाक्य बोलायचे, "माझं असं करू नका."

२०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलचे नियम सोपे केल्याची बातमी आली. आप्पांनी कात्रण कापलं, दोनदा वाचलं आणि दीड पानी कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि मला बोलता-ठरवता येईना, तर श्वासनळीत नळी घालून मशीनवर ठेवू नये. ठेवलं असेल तर काढावं. दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं द्यावीत. शक्य असेल तर घरी न्यावं. माझ्या वतीने मुलीने निर्णय घ्यावा. दोन साक्षीदार, दोघेही नात्यातले नाहीत. नोटरीचा शिक्का. मुद्दे १ ते ९ असे क्रमांक घालून, खाली "वरील सर्व मी पूर्ण शुद्धीवर लिहिले आहे". गणिताचे मास्तर, पायऱ्या गाळणार कसे!

आणि तो कागद गेला गोदरेजच्या कपाटात. एलआयसीच्या बॉन्डांच्या आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फाईलमध्ये.

त्या रात्री मी पुण्यात होते. आप्पांना रात्री दीडला प्रचंड धाप लागली, चुलतभावाने ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका हॉस्पिटलशी नाही. अडीचला नळी घातली गेली. सकाळी मी पोचले तेव्हा आप्पा व्हेंटिलेटरवर होते, दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधलेले.

आता नीट ऐका. त्या रात्रीच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. मध्यरात्री समोर गुदमरणारा माणूस आलाय, त्याची जुनी माहिती काही नाही, तर तो नळी घालणारच. मीही त्याच्या जागी घातली असती. माझा प्रश्न त्यानंतरच्या सतरा दिवसांचा आहे.

तिसऱ्या दिवशी कपाटातून फाईल शोधून मी कागद घेऊन गेले. ड्युटीवरच्या डॉक्टरने वाचला, "चांगलं लिहिलंय" म्हणाला, आणि सिस्टरला सांगितलं, "फाईलला लावा." लावला. मागे, इन्शुरन्सच्या कागदांच्या खाली. आठ तासांनी ड्युटी बदलली, नव्या डॉक्टरला काहीच माहिती नाही. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "फाईलला लावलाय का?" असं पाच-सहा वेळा झालं असेल. एकाने तर सरळ सांगितलं, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये यासाठी काही ऑप्शनच नाही."

सिस्टीममध्ये काय काय होतं सांगू? आप्पांना सल्फाची ॲलर्जी आहे, हे नाव उघडल्याबरोबर वरती लाल अक्षरात यायचं. सहा वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. पॉलिसी नंबर होता. आजवरचं बिल रुपया-पैशासकट होतं, आणि डिपॉझिट संपत आलं की माझ्या मोबाईलवर आपोआप मेसेज यायचा, रात्री अकरालासुद्धा. "नातेवाईक" या रकान्यात मात्र चुलतभावाचं नाव होतं, कारण ॲडमिट त्याने केलं होतं. त्यामुळे नवव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची वेळ आली, तेव्हा मी आंघोळीला घरी गेले होते आणि सही त्याची घेतली. तो बिचारा बाहेर बसलेला होता. त्याला काय कळणार? "करायला लागतंय" म्हटल्यावर माणूस सही करतो.

दादा न्यू जर्सीहून रोज व्हिडिओ कॉलवर. "पैशाचा विचार करू नका, सगळं करा." त्यालाही दोष देत नाही. लांब असलेल्या मुलाला अपराधीपणा खातो, आणि तो "सगळं करा" यातूनच बाहेर पडतो. पण निर्णय कुणी घ्यायचा हे आप्पांनी मुद्दा क्रमांक ७ मध्ये लिहिलं होतं. ते दादाला मी तोंडी सांगितलं तर ते बहिणीचं मत ठरतं. हॉस्पिटलच्या स्क्रीनवर असतं, डॉक्टरांनी वाचून दाखवलं असतं, तर ते आप्पांचं म्हणणं ठरलं असतं. हा फरक ज्यांच्या घरात दोन भावंडं आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

शेवटी सतराव्या दिवशी आम्ही काय केलं? जे महाराष्ट्रात हजारो घरं करतात तेच. "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" अशा छापील फॉर्मवर सही केली, ७ लाख ८० हजार भरले आणि आप्पांना घरी आणलं. माजघरात, त्यांच्या कॉटवर, पाऊण तासात गेले. म्हणजे कायद्याने ज्याचा हक्क होता ती गोष्ट आम्ही चोरासारखी केली. त्या फॉर्मवर माझी सही आहे. वडिलांच्या इच्छेप्रमाणे वागले, आणि रेकॉर्ड असं सांगतं की मुलीने डॉक्टरांचं ऐकलं नाही.

आता कायदा. व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं, म्हणून जरा सविस्तर.

अरुणा शानभाग आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. केईएमच्या परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, १८ मे २०१५ ला गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं त्याच हॉस्पिटलमध्ये. पिंकी विराणींनी याचिका केली की त्यांना जाऊ द्या, केईएमच्या परिचारिका म्हणाल्या आम्ही सांभाळतोय, जाऊ देणार नाही. २०११ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाचा रस्ता हायकोर्टाच्या परवानगीने उघडला. दोन्ही बाजू प्रेमाने बोलत होत्या. पण खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, याचा एक ओळीचा कागद कुणाकडेच नव्हता.

मग ९ मार्च २०१८. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो, आणि माणूस आधी लिहून ठेवू शकतो. पण अट अशी की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही. कोण जाणार? म्हणून २४ जानेवारी २०२३ ला ते बदललं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावं देता येतात. कधीही रद्द करता येतं. हा कागद लगेच लागू होत नाही. आजार बरा न होणारा आहे आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, असं झालं तरच. तेव्हाही आधी हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार काढण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इंजेक्शन देऊन मारणं यात कुठेच नाही, ते भारतात आजही गुन्हा आहे. फक्त लांबवणारं मशीन थांबवायचं आणि निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं.

आणि याच निकालात ती ओळ आहे जिच्यासाठी मी ही सगळी पोस्ट लिहितेय. कागद खरा आहे का हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने कशावरून तपासायचं? कोर्ट म्हणतं, रुग्णाच्या डिजिटल आरोग्य नोंदीवरून, असल्यास, किंवा ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात प्रत आहे त्याच्याकडून.

"असल्यास."

या एका शब्दात आप्पांचे सतरा दिवस गेले. कोर्टाने दार दाखवलं, ते दार बांधायची जबाबदारी कुणावरच टाकली नाही. हॉस्पिटल म्हणतं सॉफ्टवेअरवाल्याने ऑप्शन दिला नाही, सॉफ्टवेअरवाला म्हणत असेल कुणी मागितलाच नाही.

दुसरा पर्याय, म्हणजे ताब्यात ठेवणारा अधिकारी, त्याची कथा ऐका. मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि बघतात तर ते स्वीकारायला अधिकारीच नेमलेला नाही. त्यासाठी त्यांना मुंबई हायकोर्टात जनहित याचिका करावी लागली, तेव्हा कुठे सरकार हललं आणि राज्यभर असे अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली. कर्नाटकाने २०२५ च्या जानेवारीत परिपत्रक काढलं. चांगलंच आहे. पण मला सांगा, रात्री अडीच वाजता आयसीयूतला डॉक्टर पालिकेच्या कुठल्या अधिकाऱ्याला फोन लावणार आहे? आणि रविवार असला तर?

आप्पा गेल्यावर मी माझं स्वतःचं इच्छापत्र केलं (वय ५६, तब्येत ठणठणीत, काळजी नसावी) आणि प्रत द्यायला गेले. पहिल्या टेबलवर "मृत्यू" हा शब्द ऐकल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीत पाठवलं. तिथल्या बाई घाबरल्या, "अजून जिवंत आहात ना, मग इथे कशाला?" तिथून विधी विभाग. तिथून आरोग्य. आरोग्य विभागाच्या साहेबांना आपण अभिरक्षक आहोत हे माहीत होतं, म्हणजे पत्र आलं होतं, पण असा कागद घेऊन येणारी मी पहिलीच. सज्जन माणूस. त्यांनी आवकचा शिक्का मारून दिला आणि कागद एका फोल्डरमध्ये घातला. मी विचारलं, "साहेब, हॉस्पिटलला हे दिसणार कसं?" ते हसले. दुसरं काय करणार?

केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. १४ आकडी आभा नंबर आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे, सरकारी दवाखान्यात केस पेपर काढताना रांगेत क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात तोच. मी माझं ॲप उघडून शोधलं. प्रिस्क्रिप्शन ठेवता येतं, रिपोर्ट ठेवता येतो, डिस्चार्ज समरी, लसीकरण, सगळ्याला जागा. "माझी शेवटच्या काळातली इच्छा" असा कप्पा मला काही सापडला नाही. इतर कागद म्हणून स्कॅन करून टाकता येईल, पण शंभर रिपोर्टांत एकशे एकावा पीडीएफ कोण उघडणार? शिवाय नोंद बघायला रुग्णाची संमती लागते, मोबाईलवर मंजुरी द्यायची. व्हेंटिलेटरवरच्या माणसाने मंजूर कसं करायचं? आधीच नेमलेल्या व्यक्तीने ते करावं, आणि ही एक नोंद तरी आणीबाणीत डॉक्टरला थेट दिसावी, एवढी सोय करायला रॉकेट सोडावं लागत नाही.

हे होऊ शकतं, कारण झालेलं आहे. तैवानमध्ये माणसाचा निर्णय राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या कार्डावरच नोंदतात. हॉस्पिटलने कार्ड वाचलं की दिसतं. २०१९ पासून तिथे यासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे, आणि सही करण्याआधी वैद्यकीय टीमशी बसून बोलणं सक्तीचं आहे. अमेरिकेत ओरेगन राज्याने २००९ मध्ये रजिस्टर सुरू केलं. घरी पोचलेला ॲम्ब्युलन्सवाला फोन करून विचारू शकतो की या व्यक्तीने काय लिहून ठेवलंय. आणि त्याच अमेरिकेत मोठमोठ्या हॉस्पिटलांत लाखो डॉलरच्या सिस्टीम असूनही कागद स्कॅन होऊन कुठल्यातरी आतल्या टॅबमध्ये पडून राहतो, ही तक्रार तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं करताहेत. म्हणजे नुसतं कॉम्प्युटर आणून भागत नाही. पहिल्या स्क्रीनवर, ॲलर्जीच्या शेजारी, असंच पाहिजे.

आता तुमचे आक्षेप. बरेच जण समोरासमोर बोलले आहेत, म्हणून माहीत आहेत.

एक, "इस्टेटीसाठी मुलं म्हाताऱ्याला सही करायला लावतील." लावतील. सातबाऱ्यासाठी लावतातच की. पण कपाटातल्या कागदापेक्षा तारीख-वेळ पडलेली नोंद सुरक्षित की नाही? कुणी घातली, कधी बदलली, सगळा माग राहतो. कपाटातला कागद कोणीही फाडू शकतो, आणि कोणीही नवा "सापडला" म्हणून आणू शकतो. वर दोन मंडळं आहेत ती आहेतच.

दोन, आणि हा आक्षेप मला स्वतःला जास्त छळतो. उद्या हॉस्पिटलवाले ॲडमिशनच्या तीस सह्यांमध्ये एकतिसावी घुसवतील. रिसेप्शनवरची मुलगी विचारेल, "काका, व्हेंटिलेटर हवा की नको? टिक करा." बेडची टंचाई असली की गरिबाच्या नावापुढे पटकन टिक होईल. हे होऊ शकतं, आणि झालं तर आप्पांच्या सतरा दिवसांपेक्षा वाईट. म्हणून ही नोंद रिसेप्शनवर होताच कामा नये. डॉक्टरने बसून, आजार समजावून, नातेवाइकांसमोर बोलून करायची, त्यात डॉक्टरचं नाव यायचं, आणि रुग्णाने "मन बदललं" म्हटलं की त्याच क्षणी बदलायची. आपल्याकडे डॉक्टरला बोलायला वेळ नसतो हे मला माहीत आहे. पण बिलासाठी रोज वेळ काढतात.

तीन, "गरिबाला व्हेंटिलेटर मिळत नाही, आणि तुम्ही नको म्हणायचे हक्क मागताय." बोचलं. खरंही आहे. पण गावाकडे विचारून बघा, आयसीयूच्या बिलापायी एकर-दोन एकर कुणी विकले. "प्रयत्न करू" या शब्दावर जमिनी गेल्या आहेत, आणि माणूसही गेला. नाही म्हणायची भाषा त्यांनाच सगळ्यात जास्त लागते, कारण डॉक्टरसमोर तोंड उघडायची त्यांना भीती वाटते. मात्र "मशीन नको" लिहून घेतलं तर धाप आणि दुखणं कमी करण्याची सोय जिल्ह्यात पाहिजे. मॉर्फिनवरचे जाचक नियम २०१४ मध्ये सैल झाले, तरी आपल्या भागात ते किती मेडिकलवाल्यांकडे मिळतं, विचारून बघा. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आणि सॉफ्टवेअर बंद पडतं, हा चौथा. पडतं. २०२२ मध्ये आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतली एचएमआयएस यंत्रणा बंद झाली आणि सगळे पुन्हा हाताने केस पेपर लिहायला लागले. म्हणून कागद रद्द करा असं मी म्हणतच नाहीये. कागद असू द्या, घरच्यांकडे झेरॉक्स असू द्या, फॅमिली डॉक्टरकडे एक असू द्या.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचंय, तुमच्यातले बरेच माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. केसेस होतात, नातेवाईक तोडफोड करतात, म्हणून तुम्ही घाबरता, ते कळतं. केंद्राने २०२४ मध्ये उपचार थांबवण्याबद्दल मसुदा काढला तेव्हा आयएमएनेच त्यावर आक्षेप घेतला. पण आयसीएमआरने २०२० मध्येच हृदय बंद पडल्यावर पुन्हा चालू करायचा प्रयत्न न करण्याबद्दल मार्गदर्शन दिलंय. तुमच्या सिस्टीममध्ये ठळक नोंद असेल तर ते तुमचंच कवच आहे. आज "फाईलला लावा" म्हणून सोडून देताय, तेव्हा तुमच्याही हातात काही राहत नाही.

तर मला काय हवंय. आपल्या शहरातल्या आयसीयू असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर एक ओळ घालावी: इच्छापत्र आहे का, कुठे आहे, निर्णय कोण घेणार, त्याचा मोबाईल. चार रकाने. हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी विचारलं, तो म्हणाला, "बाई, दुपारच्या जेवणाआधी होईल." पालिकेने अभिरक्षकाचं नाव आणि नंबर दर्शनी भागात लावावा, आलेल्या प्रती स्कॅन कराव्यात आणि रात्रीसुद्धा त्या सापडतील अशी सोय करावी. आभामध्ये वेगळा कप्पा हवा यासाठी खासदारांना निवेदन. मसुदा मी लिहिलाय, कमेंटमध्ये टाकते, चुका काढा.

सोमवारी सकाळी साडेअकराला मी पालिकेच्या आरोग्य विभागात जातेय. सोबत सहा जण आहेत, सगळे साठीच्या पुढचे, प्रत्येकाचा कागद नोटरी केलेला. त्यानंतर आयएमएच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्षांनी वीस मिनिटं दिली आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी इच्छापत्राच्या तीन झेरॉक्स, आधार आणि आभा नंबर घेऊन या. केलेलं नसेल तरी या, नमुना देते. आणि येताना मुलांना सोबत आणा, विशेषतः जो लांब राहतो त्याला. तो येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉल लावून ठेवा.